जागृती की आजार, हे ठरवायचं काम तुमच्या गटाला दिलं कुणी?

पत्र थोडक्यात असं आहे (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय). पत्र लिहिणाऱ्या बाई गेली तीन वर्षं एक चर्चागट चालवतायत. दर शनिवारी संध्याकाळी बारा-पंधरा जण जमतात आणि चेतना म्हणजे काय, आध्यात्मिक अनुभव कशाला म्हणायचं, मानसिक आजाराशी त्याचा संबंध काय, यावर मोकळेपणाने बोलतात. गटात बरीच वर्षं ध्यान करणारे एक काका आहेत, एक निवृत्त नर्स आहेत, स्वतः मानसिक आजारातून गेलेले चार-पाच जण आहेत. त्यातलाच एक मुलगा, वय २९. एकविसाव्या वर्षी बायपोलरचं (मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं असा आजार) निदान झालं, तेव्हापासून त्यावरचं लिथियम हे औषध चालू. महिन्याभरापूर्वी काका चर्चेत म्हणाले की गोळ्यांनी चेतनेवर झाकण बसतं. पुढच्या शनिवारी मुलाने सांगितलं, "मी झाकण काढलंय." तेव्हापासून तो दोन-तीन तास झोपतो, पहाटे तीनला चाळीस-चाळीस मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवतो, नोकरी सोडून स्वतःचं केंद्र काढायचं म्हणतोय. आणि बोलतो इतकं सुंदर की मागच्या बैठकीत तिघंचौघं रडले. गटात दोन तट पडलेत, नर्सबाई म्हणतात हा सरळसरळ आजार, काका म्हणतात ही जागृती, तिला औषधाने मारू नका. परवा मुलाच्या बहिणीचा फोन आला, "तुमच्या गटाने माझ्या भावाचं डोकं फिरवलं." बाई विचारतात: हे नेमकं काय आहे? गट बंद करू का? की आजार असलेल्यांना यापुढे घ्यायचंच नाही? आणि ता.क. मध्ये: त्याची अनुभव लिहायची वही माझ्या घरी राहिलीये, वाचू का, की बहिणीला देऊन टाकू?

ताई,

तुम्ही एवढे प्रश्न विचारलेत पण ज्याची खरी घाई आहे तो विचारलाच नाहीये, म्हणून आधी तेवढंच बोलते आणि मग बाकीचं.

आठ वर्षं लिथियम घेणाऱ्या माणसाने ते एकदम बंद केलं आणि आता तो दोन-तीन तास झोपूनही दिवसभर टवटवीत आहे, ही गोष्ट पुढच्या शनिवारपर्यंत थांबणारी नाही. लिथियम अचानक सोडलं की मॅनिया, म्हणजे मन बेफाम चढण्याची अवस्था, उलटून यायची शक्यता चांगलीच वाढते. आणि झोप उडणं हे मॅनियाचं लक्षणही असतं आणि त्याला वारा घालणारं कारणही, म्हणजे जितकं कमी झोपेल तितकं चढेल आणि जितकं चढेल तितकं कमी झोपेल. त्यामुळे हे वाचून झालं की फोन हातात घ्या. आधी त्याला करा, बहिणीला नंतर. त्याला सरळ सांगा की मला तुझ्या झोपेची काळजी वाटतेय, मी तुझ्या बहिणीशी बोलणार आहे, तुझ्या मागून नाही, तुला सांगून. चिडेल कदाचित. चिडू दे. मग बहिणीला सांगा की त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना आजच्या आज कळवा, गोळ्या कधी बंद केल्या आणि झोप किती होतेय या दोन गोष्टी आधी सांगा, बाकी तत्त्वज्ञान नंतर.

एक मात्र करू नका, "जुनं पाकीट शोध आणि उद्यापासून परत चालू कर" असं त्याला सांगू नका. लिथियमचं उपयोगी पडणारं प्रमाण आणि बाधणारं प्रमाण यात अंतर फार थोडं असतं, म्हणून तर त्याची रक्ततपासणी सारखी करावी लागते. परत कसं आणि किती चालू करायचं हे डॉक्टरच ठरवणार. आणि मरणाची भाषा आली, किंवा "आता या शरीराची गरज नाही" छापाचं काही, किंवा कुणीतरी आतून हुकूम देतंय असं म्हणाला, खाणंपिणं थांबलं, किंवा तो गाडी घेऊन बेफाम सुटायला लागला, तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्यायचं, घरातलं कुणीतरी बरोबर घेऊन.

फोन झाला असं धरून पुढे लिहिते.

हे आजार आहे की जागृती, असं तुम्ही विचारता. मला या प्रश्नातच घोळ वाटतो. काका आणि नर्सबाई एकमेकांच्या विरोधात आहेत असं तुम्हाला दिसतंय, मला तर ते एकाच बाजूला दिसतायत, कारण दोघांनाही वाटतंय की एकदा लेबल चिकटलं की पुढे काय करायचं ते आपोआप ठरेल. जागृती असेल तर हात लावायचा नाही, आजार असेल तर त्याने जे काही पाहिलं-बोललं ते सगळं कचऱ्यात. बरं, घटकाभर काकांचंच खरं धरू. ही जागृतीच आहे. मग जागृत माणसाच्या शरीराला झोप लागत नाही का? त्याला नोकरी लागत नाही, महिनाअखेरीला पैसे लागत नाहीत? आणि आता नर्सबाईंचं खरं धरू, हा आजारच आहे. तरी त्या मुलाला जे सगळं एकमेकांत गुंफलेलं दिसलं, ज्याने त्याला रडू फुटलं, ते त्याच्या आयुष्यात घडलंच ना, त्याबद्दल त्याला कुणाशी तरी बोलावंसं वाटणारच ना. म्हणजे लेबल कुठलंही लावा, काळजीही घ्यावी लागते आणि ऐकूनही घ्यावं लागतं. लेबल न ठरवता तुम्ही दोन्ही करू शकता, उलट न ठरवल्यानेच जास्त चांगलं करू शकाल.

आणि मेंदूतून अनुभव नेमका कसा तयार होतो हे अजून कुणालाच धड सांगता आलेलं नाहीये. १९९८ मध्ये क्रिस्टॉफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाशी पैज लावली होती की २५ वर्षांत चेतनेची मेंदूतली स्पष्ट खूण सापडलेली असेल. २०२३ मध्ये कॉखने भर कार्यक्रमात हार मानली आणि ठरल्याप्रमाणे वाइनच्या बाटल्या देऊन टाकल्या. आयुष्यभर हेच करणाऱ्या लोकांना जे पाव शतकात जमलं नाही ते तुमच्या गटाने दोन शनिवारांत निकाली काढावं हा हट्ट कशाला? चर्चा करा की, जरूर करा, मजा त्यातच आहे. पण एका जिवंत मुलाला समोर बसवून त्याच्यावर निकाल देऊ नका.

मग बघायचं काय? माझ्या मते अनुभव काय होता त्यापेक्षा अनुभवाच्या आजूबाजूचं आयुष्य कसं चाललंय ते बघायचं. नुसतं काहीतरी दिसलं, ऐकू आलं म्हणजे माणूस आजारी, असं नसतंच. १९७१ मध्ये वेल्समधल्या ड्यूई रीस नावाच्या डॉक्टरने २९३ विधवा आणि विधुरांशी बोलून जे मांडलं ते मला फार आवडतं. जवळपास निम्म्या लोकांना गेलेला जोडीदार आसपास असल्याचं जाणवलं होतं, काहींना तो दिसला होता, काहींनी आवाज ऐकला होता. रीसचं म्हणणं हे की यात आजार काही नाही, उलट बऱ्याच जणांना त्याचा आधारच वाटतो. आणि त्यातल्या बहुतेकांनी हे तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं! लोक आपल्याला वेड्यात काढतील म्हणून माणसं काय काय पोटात ठेवून जगतात बघा. तुमच्यासारखे गट लागतात ते याचसाठी.

तेव्हा गटात कुणी काही अनुभव सांगितला की मनातल्या मनात चार-पाच साध्या गोष्टी बघत जा. झोपतोय का, जेवतोय का, पैसे उधळतोय का, जवळच्या माणसांशी अजून जमतंय का. आणि सगळ्यात महत्त्वाची, ही मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतेय, त्याला शंका घेता येतेय का. "मला असं जाणवलं, पण काय माहीत, चुकतही असेन" एवढं वाक्य ज्याच्या तोंडून निघतं त्याच्याबद्दल मी रात्री शांत झोपते. ज्याच्याकडून ते निघेनासं होतं, विशेषतः जो महिन्यापूर्वी ते म्हणत होता आणि आता म्हणत नाही, तिथे कान टवकारायचे. तुमच्या गटातल्या त्या मुलाचं हे कसं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. विचारून बघा.

आता "बोलतो इतकं सुंदर" याबद्दल. हे वाक्य वाचून माझ्या पोटात कालवलं. माझा एक चुलतभाऊ आहे, दादा म्हणते मी त्याला. मी एकोणीस वर्षांची असताना तो असाच चढला होता, तेव्हा घरात कुणाला मॅनिया हा शब्दही माहीत नव्हता. रात्र-रात्र गच्चीवर बसून बोलायचा आणि मी खाली बसून वहीत लिहून घ्यायचे, अक्षरशः भक्तासारखी, पेनातली शाई संपली तर पेन्सिलने. इतकं लखलखीत बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. अकरा रात्री मी त्याच्याबरोबर जागले आणि एकदाही विचारलं नाही की दादा, तू झोपलास कधी? बाराव्या दिवशी त्याला घरच्यांनी धरून नेलं, त्याचं तपशीलवार सांगत नाही. बऱ्याच वर्षांनी, तो छान स्थिर झाल्यावर, मी घाबरत घाबरत ती वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने सगळी वाचली, मध्ये दोनदा हसला, एका पानावर बोट ठेवून म्हणाला हे वाक्य अजूनही खरं वाटतं गं, आणि बाकीची पानं उलटत म्हणाला, ही झोप न झाल्याची आहेत. मग वही मिटून मला परत दिली आणि गोळी घ्यायला उठला, साडेनऊची.

सांगायचा मुद्दा, सुंदर बोलणं म्हणजे तब्येत बरी असल्याचा पुरावा नाही. चढत्या काळात माणूस अनेकदा नेहमीपेक्षा जास्त गोड, जास्त हुशार, जास्त प्रेमळ असतो, आणि आपण ऐकणारे त्यावर लुब्ध होतो. आपल्या रोजच्या कोरड्या आयुष्यात कुणीतरी पेटलेलं भेटलं की शेकायला बरं वाटतं हो, पण जळत तो असतो. तुमच्या बैठकीत जे रडले त्यांना नावं ठेवत नाहीये मी, मीही रडलेच असते. फक्त त्या रडण्याने त्या मुलाला काय कळलं ते बघा, की मी जसा आता आहे तसाच लोकांना हवाय.

इथेच बहिणीच्या आरोपाकडे येऊ. तुमच्या पत्रात एका ठिकाणी तुम्ही लिहिता "आम्ही फक्त चर्चा करतो" आणि दहा ओळींनी लिहिता "सगळं माझ्यामुळे झालं". दोन्ही एकदम खरं कसं असेल? मला तर दोन्ही खोटं वाटतं. लिथियम घेणारी माणसं ते सोडतात याची कारणं भरपूर असतात, हात थरथरतात, सारखी तहान लागते, वजन वाढतं, आणि कितीतरी जणांना ते चढते दिवस आठवतात, हवेहवेसे वाटतात. कदाचित त्याने काकांच्या वाक्याच्या आधीच सोडलं असेल आणि वाक्य नंतर सापडलं असेल. पण म्हणून गट धुतल्या तांदळासारखा सुटत नाही. आजूबाजूचे लोक काय मानतात त्याने अनुभवाचा रंग बदलतो, हे अगदी अभ्यासातही दिसलंय. टान्या लुर्मन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांबरोबर कॅलिफोर्नियातलं सॅन मटेओ, घानातलं आक्रा आणि आपलं चेन्नई अशा तीन ठिकाणच्या वीस-वीस लोकांना, गंभीर मानसिक आजारात आवाज ऐकू येणाऱ्यांना, त्यांच्या आवाजांबद्दल विचारलं. अमेरिकेतल्या लोकांचे आवाज जास्त करून हिंसक, अंगावर येणारे. चेन्नईत बऱ्याच जणांना नातेवाइकांचे आवाज यायचे, घरातली मोठी माणसं बोलतात तसे रागवणारे, ही कामं कर, ते कर असं सांगणारे. आजार तोच, पण आवाज घरच्या वळणाचा. आता विचार करा, ज्या गटात दर शनिवारी तीन वर्षं एक माणूस येऊन बसतो त्या गटाचं वळण त्याच्या आत जात नसेल? बहिणीला फोन कराल तेव्हा वकिली करू नका. "आमच्या गटात गोळ्यांबद्दल असं बोललं गेलं, मी तेव्हा अडवलं नाही, ते चुकलं" एवढं म्हणा आणि गप्प बसा, तिला बोलू द्या. तिने हे आठ वर्षं घरात पाहिलंय. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

गट बंद करू का? माझं मत नाही, पण महिनाभर थांबवा. आणि आजार असलेल्यांना बाहेर ठेवायची कल्पना तर मनातून काढूनच टाका. मानसिक आजारावर बोलणार आणि तो ज्यांनी भोगलाय तेच नकोत, मग उरलेले काय करणार, उंटावरून शेळ्या हाकणार? शिवाय तुम्ही ओळखणार कसं? गोळ्या घेणारे सगळे सांगत नाहीत, तुम्ही दार बंद केलंत की सांगणारे जातील आणि लपवणारे राहतील. अशा लोकांचे गट नीट चालू शकतात याचा चांगला दाखला नेदरलँड्समध्ये आहे. तिथल्या मारियस रोम या मानसोपचारतज्ज्ञाला त्याच्या एका पेशंट बाईने सुनावलं होतं की न दिसणाऱ्या देवावर लोक विश्वास ठेवतात ते तुम्हाला चालतं, मग मला रोज ऐकू येणाऱ्या आवाजांचं का नाही चालत? त्याने ते मनावर घेतलं. दोघं टीव्हीवर गेले, आवाज ऐकू येणाऱ्यांनी संपर्क करा असं सांगितलं, तर तशा साडेचारशे लोकांनी संपर्क केला आणि त्यातले दीडशे म्हणाले की आम्ही आवाजांबरोबर जगायचं कसं ते आमच्यापुरतं शोधलंय. १९८७ च्या आसपासची ही गोष्ट. त्यातून पुढे कितीतरी देशांत आवाज ऐकणाऱ्यांचे स्वतःचे गट झाले. तिथे आवाज खरा की खोटा यावर मतदान घेत नाहीत, तो काय म्हणतो, कधी येतो, आल्यावर तू काय करतोस यावर बोलतात.

तुमच्या गटात हेच कमी पडलंय असं मला वाटतं. नियम नव्हते असं नाही म्हणत, तुम्ही लिहिलंय की "एकमेकांचा आदर" वगैरे ठरलेलं आहे, पण तसला नियम सगळीकडेच असतो आणि ऐनवेळी कुणाच्या कामाला येत नाही. मला एकच नियम फार कामाचा वाटतो, स्वतःच्या गोळ्यांबद्दल काहीही बोला, दुसऱ्याच्या गोळ्यांबद्दल अवाक्षर नाही. "मला औषधाने मठ्ठ वाटायचं" चालेल, "औषधाने चेतना झाकते" नाही चालणार, कारण पहिलं वाक्य एका माणसाचं आहे आणि दुसरं सगळ्यांच्या डोक्यावर बसतं. हे "तू गोळ्या घेतल्याच पाहिजेस" म्हणणाऱ्या नर्सबाईंनाही लागू, बरं का. बैठकीच्या सुरुवातीला दोन वाक्यांत मोठ्याने वाचून दाखवत जा, दर वेळी, कंटाळा आला तरी.

दुसरं म्हणजे जो माणूस गटात आपला आजार सांगतो त्याच्याशी तो बरा असतानाच एकदा निवांत बोलून ठेवायचं, की तू चढायला किंवा उतरायला लागलास तर आधी काय बदलतं, आणि तेव्हा आम्ही कुणाला फोन केलेला तुला चालेल. त्याच्याच शब्दांत कागदावर लिहून घ्यायचं. बहुतेकांना आपल्या खुणा नीट माहीत असतात, कुणाचं खरेदीपासून सुरू होतं, कुणाचं मेसेजच्या लांबीपासून. हा कागद तुमच्याकडे असता तर पहिला चाळीस मिनिटांचा मेसेज आला त्या पहाटेच तुम्हाला कळलं असतं, आणि फोन करताना विश्वासघात केल्यासारखं वाटलं नसतं. गटातलं गटात राहील हे वचन ठीक आहे पण त्यात पहिल्या दिवसापासून एक खिडकी ठेवायची, जिवाचा प्रश्न आला तर मी घरच्यांना सांगणार.

आणि तुम्ही चर्चागट आहात तर चर्चागटच राहा. तुमच्या पत्रात ओझरता उल्लेख आहे की मध्यंतरी दोन दिवसांचं मौन शिबिर घेतलं, उपवास आणि जोराच्या श्वासोच्छ्वासाचे प्रकार केले. हे कुणाच्या देखरेखीखाली? ध्यान म्हणजे निरुपद्रवी असं आपण धरूनच चालतो. २०१७ मध्ये जेरेड लिंडाल, विलोबी ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बौद्ध परंपरेतल्या साठेक साधकांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास छापला, त्यात भीती, झोप उडणं, मीपणाची जाणीवच हलणं, असं बरंच काही निघालं, आणि ही नवशिकी माणसं नव्हती. त्यात लिथियम घेणाऱ्याने पाणी कमी पिऊन उपवास केला किंवा मीठ एकदम तोडलं तर शरीरात औषध साचतं, हात जोरात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, तोल जातो, प्रकरण जिवावर येऊ शकतं. हे वाचणाऱ्या इतर कुणाचा असा गट असेल तर त्यांनीही लक्षात ठेवा, शिबिराच्या फॉर्मवर "औषधं चालू आहेत का" हा रकाना नसेल तर त्या शिबिराला जाऊ नका आणि कुणाला नेऊ नका.

काकांशी बोलणं तुम्हाला जड जाणार, ते पत्रातून जाणवतंय, वयाने मोठे, गटाला पहिल्यापासून सांभाळलेले. सगळ्यांसमोर बोलू नका. घरी जा आणि विचारा, "काका, तुम्ही तीस वर्षं ध्यानाला बसताय, तुमच्या गुरूंनी पहिल्या वर्षी तुम्हाला झोपेबद्दल, जेवणाबद्दल काही सांगितलं होतं का?" माझा अंदाज आहे की सांगितलं असेल. कारण जुन्या जाणत्या साधकांना जास्त चढलेल्या शिष्याला खाली आणायचं कसं हे माहीत असतं, त्याला खायला घाल, झाडलोट करायला लाव, बसणं काही दिवस बंद कर. जागृती आली म्हणून झोप सोड असं कुठलाच शहाणा गुरू सांगत नाही. काकांनाच विनंती करा की मुलाला त्यांनी स्वतः फोन करून सांगावं, आधी झोप, डॉक्टरांकडे जाऊन ये, बाकीचं आपण सावकाश बोलू. नर्सबाईंनी शंभरदा सांगितलेलं तो ऐकणार नाही, काकांनी एकदा सांगितलं तर ऐकेल. पटलं नाही आणि काका म्हणाले की मी माझं वाक्य मागे घेत नाही, तर मात्र गट परत सुरू होईल तेव्हा त्यात काका नसावेत. हे लिहायला मला बरं वाटत नाहीये, पण एकाला निवडायची वेळ आली तर त्या मुलाला निवडा.

नर्सबाईंनाही एक निरोप. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या ग्रंथात १९९४ पासून धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या अशी नोंद आहे, आणि ती आजारांत धरलेली नाही, ज्याकडे लक्ष द्यावं अशी गोष्ट म्हणून ती वेगळी ठेवलीये. म्हणजे खुद्द त्या लोकांनीही सगळ्याला एका झाडूने झाडलेलं नाही.

डॉक्टरांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण मला एक शंका आहेच. हा मुलगा आठ वर्षं दर महिन्या-दोन महिन्यांनी डॉक्टरांसमोर बसत असेल, झोप कशी आहे, बरी आहे, भूक, ठीक, चला तेच चालू ठेवा. सात मिनिटं. त्यात "मला सगळं जोडलेलं दिसतं" हे कुठे बसवणार तो? म्हणून ते तुमच्याकडे आलं. तो जरा खाली आला की बहिणीला सुचवा, गोळ्या बघणाऱ्या डॉक्टरांशिवाय, देवा-अध्यात्माच्या गोष्टी न हसता ऐकणारा एखादा समुपदेशक शोधा, पहिल्या भेटीतच स्पष्ट विचारा की तुम्हाला यावर बोललेलं चालतं का. गोळ्यांचा त्रास होत असेल तर तोही डॉक्टरांना सांगायचा असतो, प्रमाण बदलता येतं, औषध बदलता येतं, सोडायचंच असेल तर हळूहळू, तपासण्या करत सोडायचं असतं. हे त्याला कुणी सांगितलंय की नाही देव जाणे.

त्याच्याशी फोनवर बोलताना वाद घालू नका आणि होकारही भरू नका. "तू सांगतोस ते मला तसं दिसत नाही, पण तुला दिसतंय हे मी ऐकतेय, आणि तू झोपलेला नाहीस हेही मला दिसतंय." असं काहीतरी, तुमच्या भाषेत. पहाटेचे मेसेज ऐकत बसू नका, सकाळी एक ओळ पाठवा की मी रात्री झोपते, तूही झोप, दुपारी बोलू. तुम्ही जागून ऐकलंत तर तो बोलत राहणार, माझ्या दादाचं तेच झालं, ऐकणारी मी होते.

राहिली वही. वाचू नका. तुम्हाला वाटतंय त्यात काहीतरी उत्तर मिळेल, पण तुम्ही शोधायला लागलात की काकांना जागृती सापडेल आणि नर्सबाईंना लक्षणं, आणि तो बिचारा परत आल्यावर बघेल की आपली वही चौघांनी वाचलीये. बहिणीलाही देऊ नका, काळजीपोटी ती वाचणारच आणि डॉक्टरांसमोर उघडून ठेवणार. तो मरणाबद्दल काही बोलला असेल, किंवा वही उघडून तुमच्या डोळ्याला तसं काही आधीच पडलं असेल, तर गोष्ट वेगळी, मग तेवढं लगेच सांगायचं. नाहीतर एखाद्या पिशवीत घालून कपाटात वर ठेवा आणि त्याला एवढंच कळवा की वही माझ्याकडे आहे, मी उघडलेली नाही, हवी तेव्हा घेऊन जा. लगेच मागेल असं नाही. माझ्याकडची वही चौदा वर्षं पडून होती.